उत्तराचं यमक

"मायाई घाल ना, आत्या. अंडी कुणाला नको असतात?" रुकिया कुजबुजली.

"लग्नाच्या गाण्यात अंडी? उद्या कोंबडीही मागशील," बी म्वानाइदी हळूच म्हणाली. गुरुवारचा उपास होता. ओठ सुकले होते, पण जपमाळेवरची बोटं शांत चालत होती.

समोर मोंबासाचं वऱ्हाड डफ मांडीवर ठेवून वाट बघत होतं. नवऱ्या मुलाची मावशी, बी शम्सा, हिनं नुकतीच दोन कडवी टाकली होती. एकाचा शेवट स्वाहिलीतल्या ‘चाई’वर, म्हणजे चहावर: लामू बेटाच्या नवरीला तो साधा ओततासुद्धा येत नाही. दुसऱ्याचा ‘हाई’वर, म्हणजे जिवंत: तोंडच उघडत नाही, जिवंत तरी आहे ना? आता उत्तरही त्याच यमकात हवं, आणि समोरच्यांनी वापरलेला शब्द उचलायचा नाही. सांजेच्या बांगेआधी ते गेलं नाही, तर नवरी सालहा त्या घरात जन्मभर मुकी सून.

मुकी ती कालपर्यंत नव्हती. मेंदीच्या वेळी तिनं आपल्या बेटावरच्या बोलीत पाणी मागितलं होतं: "थोडं माई द्या." "माजी म्हणतात गं इकडे!" म्हणत सगळ्या फिदीफिदी हसल्या. तेव्हापासून तिनं ओठ मिटले ते मिटलेच.

बी म्वानाइदीनं काल सालहाची, आपल्या भाचीची, बाजू घेतली नव्हती. ती स्वतः लामूची. पण लग्न होऊन मोंबासात आल्यावर महिन्याभरात माजी म्हणायला शिकली होती.

"काय हो बी, अडलं का?" शम्सानं डफावर एक टिचकी मारली. "लामूची विहीर आटली वाटतं!"

बायका खिदळल्या. बी म्वानाइदीची बोटं थांबली. तिनं जपमाळ ओठांना लावली, कनवटीला खोचली आणि हसली.

"आटली नाही, बाई. पोहरा सोडतेय."

मग ती गायली. आवाज नेहमीसारखाच, हळू. ऐकायला मागच्या बायकांना पुढे सरकावं लागलं.

"तुमची पत्ती, तुमची साखर,
तुमचीच किटली-शेगडी;
उकळी कशाला येईल, सांगा,
नसेल त्यात जर माई?"

वऱ्हाडातल्याच एका म्हातारीनं मांडीवर थाप मारली. "बसलं गं, बसलं! अगदी ठेक्यात बसलं!" रुकियानं जीभ नाचवत लांबलचक लकेर मारली आणि दोन्ही बाजूंचे डफ एकदम वाजायला लागले.

ते थांबले ते मशिदीतून बांग आली तेव्हा. बी म्वानाइदीनं पदराआडून हात पुढे केला, तर खजूर आणि पेला घेऊन शम्साच समोर उभी.

"सोडा उपास," ती म्हणाली. पुढचा शब्द तिच्या जिभेवर जरा अडखळला. "घ्या. माई."

बी म्वानाइदीनं दुवा म्हटली, खजूर तोंडात टाकला. पेला ओठांशी नेणार, तोच ओढणीखालून सालहाचा आवाज आला.

"मलाही."

कुणी हसलं नाही. शम्सानं वळून हाक दिली, "अगं, आणखी एक पेला आणा. सूनबाईंना माई हवंय."