ताडपत्रीखालची होडी

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर डेकच्या फळीला टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला.

"कुजलीय. आतल्या फासळ्याही गेल्या," ते म्हणाले. "हवाच मिळाली नाही हो हिला."

ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांची शिडाची होडी, तिच्याहून वयाने मोठी. या उन्हाळ्यात हीच घेऊन एकटीने बेटापर्यंत जायचं तिने थंडीआधी घरात जाहीर केलं, तेव्हा वडील बरेच दिवस धुसफुसत होते. मग त्यांनी स्वतःच होडीच्या कुलपाची किल्ली तिच्या हातात ठेवली. "पाणी बाहेर ठेव, पण हवा खेळती ठेव. एवढंच सांभाळ." आणि या बाईसाहेबांनी काय केलं? ताडपत्री करकचून आवळली आणि थंडीभर तिकडे फिरकल्याही नाहीत!

घरी आई वडिलांच्या मागे लागली होती. "तो थोटा शर्ट पाहुण्यांपुढे तरी घालू नका. उकडतं म्हणून ऐन थंडीत बाह्या कापणारा माणूस जगात हाच!"

वडील निळ्या चौकडीच्या शर्टाच्या दशा ओढत बसले होते.

"बाबा, होडी गेली," ती खाली मान घालून म्हणाली. "तुम्ही सांगितलेलं एवढंसं काम जमलं नाही मला. माझीच चूक. माफ करा."

वडील खिडकीबाहेर बघत राहिले. "असू दे. होतं असं. आता ते बेटाचं डोक्यातून काढून टाक."

ते तिच्याकडे बघतही नव्हते. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. ती रात्री जेवली नाही.

सकाळी ती होडीतलं सामान काढायला गेली. मिस्त्री ताडपत्री दुमडत होते.

"ताई, उगाच या ताडपत्रीवर खापर फोडू नका. होडीच्या हवेच्या नळ्या ताडपत्रीच्या बाहेरच राहतात, पुढे एक, मागे एक. त्या मोकळ्या असत्या तर लाकडाला काही झालं नसतं."

त्यांनी पुढच्या नळीत पक्कड घातली. "उंदरांनी घर केलंय वाटतं." कापडाचा ओला बोळा बाहेर आला. मागच्या नळीतून तसाच दुसरा.

तिने एक उलगडला. बुरशीने काळ्या पडलेल्या कापडावर निळी चौकडी होती, आणि टोकाला मनगटाचं बटण अजून लावलेलं होतं.