एका हातानं दोरा

पक्षाघातानं सुभाषरावांचा डावा हात गेला आणि ग्लासगोमधलं त्यांचं शिवणकाम थांबलं. त्यांच्या इंजिनिअर मुलीनं, भावनानं, दोन वर्षं खपून एका हातानं सुईत दोरा ओवता येईल असं यंत्र बनवलं आणि पेटंटसाठी अर्ज केला.

२००४च्या मार्चमध्ये नकार आला. सोबत १९११ सालच्या एका पेटंटचं चित्र होतं.

"बाबा, हुबेहूब हेच कुणीतरी आधीच केलंय," भावना रडवेली होऊन म्हणाली.

सुभाषरावांनी चष्मा लावून ते चित्र बराच वेळ पाहिलं.

"मग आता हे त्याचं?"

"नाही हो. ते पेटंट कधीच संपलं. आता कुणीही बनवू शकतं."



"मग अजून सहा बनव. आमच्या पक्षाघातवाल्यांच्या स्ट्रोक ग्रुपमध्ये मी सगळ्यांना कबूल करून बसलोय."