बाहेरची फ्लॉपी

“साहेब, तुमी फ्लॉपी बघितलीच न्हाई. न बघताच न्हाई म्हणायलात.”

साहेबांनी पेपर खाली केला नाही. परभणीतल्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात सगुणानं फ्लॉपी टेबलाच्या काठावर ठेवली होती. ती तिथंच होती. विचारपूस तेवढी झाली होती. नाव काय, कॉम्प्युटर कुठं शिकलीस, मानवतला राहायला कुठं. तिनं सरळ सांगितलं. टायपिंगच्या क्लासात शिकवते, क्लासच्या मशीनवर आपली आपणच शिकले, राहते भीमनगरात.

“बाहेरची फ्लॉपी आमच्या मशीनला चालत नाही,” साहेब म्हणाले. “व्हायरस असतो. एकदा शिरला की सगळं नासवतो.”

“मग दाखवू कसं?”

“ते तू बघ.”

फ्लॉपीत हापसे होते. कुठल्या गावचा हापसा बंद आहे, कधीपासून बंद आहे, हे तिचा प्रोग्राम सांगायचा. दुरुस्तीची जीप सगळ्यात जुन्या तक्रारीकडं आधी पाठवा म्हणायचा. आजवर जीप ओळखीच्या दाराकडं वळत होती. भीमनगरचा हापसा उन्हाळ्यात कोरडा पडला आणि कोरडाच राहिला. सगुणाची माय, सरजाबाई, वरच्या गल्लीतल्या नळापासून चार हात लांब घागर ठेवून उभी राहायची. सगळ्यांचं भरून झालं की कुणीतरी वरून ओतायचं. कधी नाही ओतायचं.

सगुणा एसटीत दातओठ खात बसली. मानवत येता येता तिच्या डोक्यात आलं, फ्लॉपी जात नाही तर तार जाईल. क्लासचं मशीन मानवतलाच राहील. साहेब परभणीत बटणं दाबतील आणि उत्तर टेलिफोनच्या तारेतून तिकडं उमटेल. त्यासाठी मोडेम नावाचं डबडं लागतं. साहेबांच्या ऑफिसात एक होतं, वर अहवाल पाठवायला. क्लासच्या मालकानं औरंगाबादहून एक जुनं मिळवलं. आता साहेबांच्या मशीनला तिचा हात लागणार नव्हता, फ्लॉपी लागणार नव्हती, वारासुद्धा लागणार नव्हता. अजून काय पाहिजे?

टेलिफोन पाहिजे होता. तो क्लासच्या शेजारी होता, व्यंकटरावांच्या बियाण्याच्या दुकानात. व्यंकटरावांचं घर मोठं. साहेब दरसाल त्यांच्या शेतात हुरडा खायला येणार.

“ने की बाई तार,” व्यंकटराव म्हणाले. “त्याला काय भिंत पाडायची हाय का?”

भिंत पाडली नाही, भोक पाडलं. दुकानाच्या भिंतीवर बाहेरून नामांतराची घोषणा होती, अर्धी चुन्यानं पुसलेली. व्यंकटरावांनीच साहेबांना फोन लावला. “साहेब, आमच्या इथून एक चीज दाखवायलोय. बघा तरी.”

“तुमचं म्हटल्यावर बघायलाच पाहिजे,” साहेब म्हणाले.

ट्रंक कॉल लागला. मोडेम किंचाळलं. आणि लाइन मेली.

एक्स्चेंजमधून चंद्रभान ऑपरेटरचा आवाज आला. “व्यंकटराव, तुमच्या तारेत मांजर रडायलं होतं. कापली मी लाइन. नवीन लावून देऊ का?”

पुन्हा लावली. या वेळी साहेबांच्या ऑफिसचं मोडेम बोललं, हिचं बोललं, पडद्यावर पहिली ओळ उमटली. तेवढ्यात चंद्रभान मधे घुसला. “तीन मिनट झाले, वाढवू का?” ओळीचा चुराडा झाला.

सगुणानं दुकानात धावत येऊन रिसीव्हर ओढून घेतला. “चंद्रभानमामा, पाया पडते, मधी बोलू नका!”

“अगं, पण बोलायलंय कोण तेच कळंना. हिकडला किंचाळायलाय, तिकडला बी किंचाळायलाय.”

“मशिनी बोलायल्यात, मामा.”

“मंग नीट बोलायला काय झालं त्यांना?”

तिसऱ्या वेळी चंद्रभान गप्प बसला. पडद्यावर अक्षरं उमटू लागली. सगुणाचे हात मांडीवर होते. परभणीतून साहेब एकेक अक्षर दाबत होते. पेडगाव. मशीननं पेडगावचा हापसा सांगितला. साहेबांनी दुसरं गाव टाकलं, तिसरं टाकलं. त्यांचं बोट थांबेना. मग लाइन सुटली आणि थोड्या वेळानं दुकानातला फोन वाजला. सगुणा पळतच दुकानात आली.

व्यंकटरावांनी उचलला. साहेबांचा आवाज सगळ्या दुकानात ऐकू आला.

“व्यंकटराव, कमाल केली तुमच्या पोरानं! हेच पाहिजे होतं आम्हाला. उद्या गड्याजवळ त्याची फ्लॉपी पाठवून द्या. मी स्वतःच्या हातानं मशीनमध्ये घालतो.”

व्यंकटरावांनी सगुणाकडं बघितलं. “अन् साहेब, ते व्हायरस का काय म्हणतेत ते?”

“अहो, तुमच्या घरची फ्लॉपी! तिला कसला आलाय व्हायरस!”

साहेब हसले. व्यंकटराव हसले नाहीत. त्यांनी रिसीव्हर सगुणापुढं धरला.

“साहेब, मी सगुणा बोलायलेय. भीमनगरची. तुमच्या टेबलाच्या काठावर पडली होती ना, ही फ्लॉपी तीच हाय.”

तारेत नुसती खरखर. मग खरखरीतून चंद्रभान बोलला, हळूच. “लाइन चालू हाय, बाई. कापत न्हाई मी. बोल तू.”

“फ्लॉपीला तर तुमी हातबी लावला न्हवता, साहेब,” सगुणा म्हणाली. “मग तुमाला व्हायरस दिसला कुठं? सांगा. मी ऐकायलेय.”