पान हललं की

हौसाबाईंच्या गोठ्यामागे, उसाच्या कडेला लावलेलं माझं खोकं पुन्हा बंद पडलं होतं. बिबट्या आला की भोंगा वाजवायचा, हे त्याचं काम. वर्षभर पुरेल अशी बॅटरी आठवड्यातच संपायची. पुण्यात टेबलावर मात्र आतली चिप बॅटरी वाचवत शहाण्यासारखी झोपायची!

चिडून लॅपटॉप जोडला आणि बघत बसले. वारा आला, उसाचं एक पान सेन्सरपुढे हललं. चिप जागी झाली, बिबट्या नाही बघून झोपली. दुसरं पान हललं, पुन्हा जागी. दिवसभर हेच. माझ्या टेबलावर ऊस कुठला असायला?

मी प्रोग्रॅम बदलला. "पान हललं तर उठायचं नाही, एवढंच शिकवलं तिला. आता निवांत झोपेल."

हौसाबाई उसाकडेच बघत होत्या. "त्यानं वासरू नेल्यापासनं पान हाललं की मलाबी जाग येती. माझ्यासाठी असं काय करता येईल का, ताई?"

तेवढ्यात ऊस सळसळला. आम्ही दोघी गर्रकन वळलो.

खोकं गाढ झोपेत होतं.