बाबांनी एकही खिळा न मारलेलं घर

टोस्टर खट्कन वाजला आणि आम्ही तिघंही दचकलो. मी, बाबा आणि माझी पाच वर्षांची मुलगी मेबल सकाळपासून फोनकडे बघत बसलो होतो. तेवढ्यात तोही वाजला. टोलेडोतलं माझं घर विकलं गेलं होतं, मागितलं त्याहून जास्तीला.

पडकं घर घ्यायचं, नीट करायचं आणि विकायचं, हे धाडस मी पहिल्यांदाच केलं होतं, तेही माझ्या निवृत्तीच्या खात्यातल्या पैशांनी. पण अमेरिकेत अशा खात्याचा कायदा असा, की खातेदाराने किंवा त्याच्या आईवडिलांनी त्या घराच्या कामाला हातही लावायचा नाही. जन्मभर सुतारकाम केलेले बाबा मग उन्हाळाभर समोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकून बसले आणि कंत्राटदारावर ओरडत राहिले, "अरे डेल्बर्ट, दार बसवतोयस की डब्याचं झाकण?"

आता ते मेबलला घेऊन स्वयंपाकघरभर नाचत होते. "चला, या पैशांतून एक होडी घेऊ. तिघं मिळून मासे धरायला जाऊ."

"बाबा, पैसे परत खात्यातच जातात. मी साठीला आले की हातात येतील."

"एवढंच ना? थांबतो की. नुसतं बसून राहायची सवय लावलीच आहेस तू मला."

हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मेबल मात्र नाचायची थांबली आणि माझ्याकडे वळली.

"आई, तू साठीची झालीस की आजोबा केवढे असतील?"