ओळखीचं रक्त

“मामा, नळ्यांवरची नावं चुकवलीत तुम्ही.”

प्रयोगशाळेत डॉक्टर दिव्याच्या पुढ्यात दोन नळ्या होत्या. दोन्हींत रक्तातलं पिवळसर पाणी आणि त्यात तिने बनवलेले प्रथिनांचे बुडबुडे, इतके बारीक की नुसता दुधाळपणा दिसावा. तिच्या नावाच्या नळीत तो जसाच्या तसा होता. तिच्या हाताखाली काम करणाऱ्या मामांच्या नळीत मात्र त्याच्या गुठळ्या झाल्या होत्या.

व्हायला हवं होतं नेमकं उलटं. हे बुडबुडे शिरेत सोडले की सोनोग्राफीत हृदयाचा कोपरा न् कोपरा उजळतो. पहिल्या खेपेला रक्त त्यांना मुकाट फिरू देतं, असा तिचा हिशेब होता. पण ते त्यांना विसरत नाही. दुसऱ्या खेपेला बघता बघता धरतं आणि गुठळ्या करतं.

आणि पहिली खेप झाली होती ती तिची. गेल्या वर्षी, कुणालाही न सांगता, तिने पहिलं इंजेक्शन स्वतःला घेतलं होतं. सिरिंज भरून चांदीच्या कागदात गुंडाळून दिली होती मामांनी. वीस वर्षं लोकांच्या शिरा शोधणारा हा माणूस एरवी सुईसारखा सरळ. तिला काही म्हणजे काही झालं नाही. त्या भरवशावर सोमवारी चाळीस रुग्णांना तेच इंजेक्शन मिळणार होतं. चाचणीच्या मंजुरीपत्रावर सही करताना तिचा हात जरासुद्धा अडखळला नव्हता.

“नावं बरोबर आहेत, ताई,” मामा म्हणाले. ते नळ्यांकडे बघतही नव्हते.

“म्हणजे?”

“तुमची मुलगी चार महिन्यांची होती. माझा जीव होईना. तुमच्या सिरिंजमध्ये मी सलाइन भरलं. औषध घरी नेलं आणि मीच टोचून घेतलं.”

तिने आपल्या नावाची नळी उचलून उजेडाकडे धरली. वर्षभर ती ज्या धैर्याच्या जोरावर मिरवत होती, ते खारं पाणी होतं. तिला राग आला, रडू आलं, आणि मग एकच आशा उरली.

“पण तुम्हाला तरी काही झालं नाही ना?”

मामा ओशाळवाणं हसले. “मला वाटलं, वय झालंय माझं. म्हणून बोललो नाही.”

“काय झालं होतं, मामा?”

“त्यानंतर न कळवता दोन दिवस गैरहजर राहिलो म्हणून तुम्ही मेमो दिला होता, आठवतं? घरात एकटा माणूस, ताई. बेशुद्धीत कळवणार कसं?”