वाटणीतला मीटर

दादा दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला, तेव्हा धाकटा वायरमन वापरतात तसल्या एका मीटरच्या काट्याची केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने सरळ करत होता. सावली पडली म्हणून त्याने वर बघितलं. ओळखलं, आणि पुन्हा मान खाली घातली.

"मीटर दाखवायचाय," दादा म्हणाला.

"ठेवा तिथं."

सख्ख्या थोरल्या भावाला त्याने जन्मात पहिल्यांदा अहोजाहो केलं होतं. दादाने पिशवीतून विटेसारखा जड, काळा मीटर काढून काउंटरवर ठेवला. काट्यामागे आरशाची पट्टी, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. दोघांनी मिळून दुरुस्तीचं दुकान काढलं तेव्हा घेतलेला हा पहिला मीटर. तेव्हाच जुना होता, म्हणून दोघं त्याला 'म्हातारा' म्हणायचे. पुढे वेगळं व्हायची वेळ आली, तेव्हा बाकी सगळ्याची वाटणी धड झाली. घोडं अडलं ते म्हाताऱ्यापाशी. दादा तो घेऊन गेला, धाकटा नको नको ते बोलला, आणि तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

"काय झालंय?"

"रेझिस्टन्स दाखवत नाही. बाकी ठणठणीत आहे."

ते एकच माप आतल्या सेलवर चालतं, त्यामुळे एवढं ऐकल्यावर कुठलाही नवशिका आधी सेल बघेल. धाकटा तर एरवी गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून त्याच्यासमोरच मीटर उघडायचा, बोलता बोलता दोष काढून दाखवायचा. आज त्याने पावतीपुस्तक पुढे ओढलं.

"नाव?"

दादाने सावकाश सांगितलं. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. धाकट्याने तिन्ही नीट ऐकून लिहून घेतली.

"आठवडा लागेल."

"आत्ताच जरा उघडून बघितला असतास तर..."

"सगळ्यांचे रांगेनंच घेतो."

दादाने पावतीची घडी करून खिशात घातली. स्टूल रिकामं होतं, पण तो बसला नाही. "स्प्रिंगला हात लावताना अजून श्वास रोखतोस," एवढं म्हणाला आणि पायरी उतरला.

आतून बायकोने विचारलं, "कोण आलं होतं?"

"गिऱ्हाईक."

दुपारी हात रिकामे झाले, तसं राहवेना. रांग वगैरे बाजूला राहिली आणि त्याने म्हाताऱ्याचं झाकण काढलं. आत धुळीचा कण नव्हता. सोल्डरचे टाके ताजे, चकचकीत. जुन्या तारा बदलून तशाच रंगाच्या नव्या घातलेल्या. दोष एकच होता. सेल उलटा बसवला होता.

तो त्याने सुलट केला आणि मीटरच्या तारांच्या टोकाच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या. काटा सरळ चालत गेला आणि बरोब्बर शून्यावर जाऊन थांबला.

धाकट्याने पिना खाली ठेवल्या. झाकण लावण्याआधी सेलवर बोट टेकवून अधिक-वजा तोंडाने म्हणायचं, हे त्याला दादानेच शिकवलं होतं, विसरलं की डोक्यात टपली मारून. त्या माणसाच्या हातून सेल उलटा पडत नसतो. मिनिटभराचं काम घेऊन आला होता तो. स्टुलावर बसायला तेवढंच पुरलं असतं.

त्याने फोन लावला आणि पलीकडे वाजायच्या आधीच तोडला. इतक्या वर्षांचं फोनवर काय बोलणार? उद्या स्वतःच मीटर घेऊन जाऊ, असं त्याने ठरवलं, आणि त्या विचाराने त्याला जरा बरंही वाटलं.

सकाळी तो गेला, तर दादाच्या दाराला कुलूप. खिडकीला पडदेसुद्धा नव्हते. शेजारची बाई जिना झाडत होती. तिने केरसुणी भिंतीला टेकवली.

"भाऊ ना तुम्ही? चेहराच सांगतोय. अहो, ते काल गेले की लेकीकडे. लांब आहे ते. आता परत काही यायचं नाही म्हणाले."

धाकट्याने हातातला मीटर काखेत धरला.

"सामान आदल्या दिवशीच गेलं होतं," ती सांगत राहिली. "एक पिशवी तेवढी मागे ठेवली होती. मी म्हटलं, एवढं जड कशाला हातात, टेम्पोतच द्यायची होती. तर म्हणाले, नाही, वाटेत भावाकडे थोडं काम आहे, ते झालं की मग गाडी धरतो." तिने पदराने कपाळ पुसलं. "झालं का हो त्यांचं काम?"